लिंकर का ओरडतो?



मायक्रोकंट्रोलरच्या कामात नव्याने आलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "हेडर तर सापडलं, मग लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून का ओरडतोय?" उत्तर द्यायचं तर पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

डेनिस रिचीच्या सी भाषेला सुरुवातीला प्रीप्रोसेसर नव्हता. तो १९७२-७३ च्या सुमारास आला. एक फाईल दुसरीत ओढून घ्यायची सोय बीसीपीएल आणि पीएल/वन मध्ये होती, तिच्यावरून ही कल्पना घेतली. इन्क्लूड म्हणजे निव्वळ मजकूर आणून चिकटवणं. जीसीसीमध्ये नाव अवतरणचिन्हांत असेल तर आधी त्याच फोल्डरमध्ये शोध, मग सांगितलेल्या वाटांवर. कोनी कंसात असेल तर थेट वाटांवर. शेजारी त्याच नावाची डॉट सी फाईल पडलेली असली तरी कंपायलरला तिचं सोयरसुतक नाही. हातात दिली तेवढीच नावं तो घेतो. लिंकर तर सी कधी बघतच नाही, त्याच्यापुढे येतात त्या ऑब्जेक्ट फाईली आणि लायब्ऱ्या.

मग यादी ठेवणार कोण? बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमनने 'मेक' लिहिलं, त्यामागचा किस्सा मजेदार आहे. 'याक'चा कर्ता स्टीव्ह जॉन्सन अख्खी सकाळ एक बग शोधत बसला होता. बग केव्हाच दुरुस्त झालेला, फक्त ती फाईल पुन्हा कंपाईल झाली नव्हती! तो तणतणत फेल्डमनच्या खोलीत शिरला आणि तिथून 'मेक' सुरू झालं.

आमच्या धंद्यात हीच गोष्ट जास्त महागात पडते. खिडकीवाली ८७५१ अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चांगली पंधरा-वीस मिनिटं ठेवून पुसायची, पुन्हा बर्न करायची, आणि आत गेला जुनाच कोड! मग माणूस बिचाऱ्या बोर्डावर संशय घेणार.

२००५ साली इटलीत इव्हरियाला आर्डुइनो जन्मलं. त्याने पुढे ही यादीच नजरेआड केली: इन्क्लूड वाचून योग्य लायब्ररी तेच शोधतं आणि तिच्या फाईली कंपाईल करतं. शिकणाऱ्यांची सोय झाली खरी, पण वरचा प्रश्न त्यामुळे झाकला गेला असं माझं मत. असो.

लिंकर ओरडला तर उलट बरं. कॉर्टेक्स-एमच्या स्टार्टअप फाईलमध्ये प्रत्येक इंटरप्टसाठी एक 'वीक' हँडलर आधीच ठेवलेला असतो, बहुधा नुसतं अनंत फिरणारं लूप. तुमचा हँडलर ज्या फाईलीत आहे ती यादीत घालायची राहिली, तर लिंकर चकार शब्द काढत नाही. तीच फाईल लायब्ररीत बांधली असेल तरी तेच, कारण नाव आधीच सापडलेलं असतं. बिल्ड स्वच्छ, चिप मात्र पहिल्या इंटरप्टला गोठते. अशा वेळी ऑसिलोस्कोपला हात लावण्याआधी मी मॅप फाईल उघडतो आणि हँडलरच्या नावापुढे कोणती ऑब्जेक्ट फाईल आहे ते बघतो.