बरणीतला सूर्य

पॅलॅडियम नावाचा एक मौल्यवान धातू आहे. स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन वायू तो सहज गिळतो. या हावरट धातूने रसायनशास्त्रज्ञांना एकदा नव्हे, दोनदा भूल घातली. आणि आजचा आपला विषय त्या दोन प्रसंगांतील अंतर हाच आहे.

पहिला प्रसंग बर्लिनचा. फ्रिड्रिख पानेट आणि कुर्ट पेटर्स यांनी १९२६ साली जाहीर केले की, पॅलॅडियममध्ये शिरलेल्या हायड्रोजनचे हीलियम होते. जी क्रिया सूर्याच्या पोटात चालते, ती म्हणे काचेच्या नळीत घडली! परंतु पानेट स्वस्थ बसले नाहीत. हा अतिसूक्ष्म हीलियम आला कोठून, याची झडती त्यांनी स्वतःच्या उपकरणांपासून सुरू केली. काचेत हीलियमचा अंश मुरलेला असतो. प्राणवायूत तापवलेली काच तो सोडत नाही, हायड्रोजनमध्ये तापवलेली मात्र सोडते! १९२७ साली त्यांनी आपला निष्कर्ष आपणच मागे घेतला. यात पराभव होता असे मला तरी वाटत नाही.

दुसरा प्रसंग अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचा. २३ मार्च १९८९ रोजी मार्टिन फ्लायश्मन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी वार्ताहरांना बोलावून सांगितले की, जड पाण्यात पॅलॅडियमची कांडी बुडवून वीज सोडली असता, रासायनिक क्रियेने उलगडा होणार नाही एवढी उष्णता मिळते. अर्थात हे अणुकेंद्रांचे मीलनच असले पाहिजे. फ्लायश्मन हे विद्युत्-रसायनशास्त्रातील मान्यवर नाव, रॉयल सोसायटीचे सदस्य. कोणी भोंदू नव्हेत. पण निबंध छापून येण्याआधीच वार्ता जगभर गेली. शेजारच्याच विद्यापीठात स्टीव्हन जोन्स तत्सम प्रयोग करीत होते, आणि अग्रमानाची व पेटंटाची घाई होती.

पदार्थविज्ञानवाल्यांची शंका अगदी साधी होती. जड हायड्रोजनच्या अशा मीलनातून एक वॅट उष्णता निघायची, तर दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडावयास हवेत. तेवढे पडले असते तर बरणीपाशी उभा असलेला प्रयोगकर्ता जिवंत राहता ना! प्रयोगकर्ते तर धडधाकट होते. मग चूक उष्णतेच्या मोजणीत, की नवेच काही घडत होते? जॉर्जियातील एका तुकडीने एप्रिलमध्ये न्यूट्रॉन सापडल्याचे घोषित केले आणि थोड्याच दिवसांत शब्द मागे घेतला. त्यांचे मापकयंत्र उष्णतेनेच बहकत होते.

या कथेत आपले तुर्भेही येते. भाभा अणुसंशोधन केंद्रात संचालक पी. के. अय्यंगार यांच्या उत्तेजनाने १९८९ सालीच प्रयोग झाले. तेथे न्यूट्रॉन थोडे आणि ट्रिटियम त्याहून कोट्यवधी पट अधिक असल्याचे नोंदले गेले. परिचित मीलनात ही दोन्ही जवळजवळ सारखी निघतात. म्हणजे हा निकाल खरा मानावा तर तो रूढ सिद्धान्तालाच आव्हान होता. उलट, ट्रिटियम जड पाण्यात आधीपासूनच अंशतः असतो आणि विद्युद्विश्लेषणात तो मागे राहून साचतो, म्हणून शंका घेणाऱ्यांनाही जागा होती. आपल्या माणसांचा निकाल म्हणून तो जवळ करू नये, आणि त्याच कारणास्तव झिडकारूही नये.

नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने प्रतिकूल अहवाल दिला. तरीही सहअध्यक्ष नॉर्मन रॅम्झी यांनी सौम्य प्रास्ताविकाचा आग्रह धरला, आणि ते न घातल्यास राजीनामा देऊ असे बजावले. मोजक्या, नेमक्या प्रयोगांना मदत मिळावी, ही शिफारसही अहवालात राहिली.

पुढे गूगलच्या पैशाने कित्येक शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे हेच प्रयोग पुन्हा केले आणि २०१९ साली सांगितले की, अशा मीलनाचा पुरावा आढळला नाही. मात्र जितका जड हायड्रोजन पॅलॅडियममध्ये भरला गेला पाहिजे असे समर्थक म्हणतात, तितका तो भरणे आणि टिकवून मोजणे हेच फार अवघड असल्याचेही त्यांनी लिहून ठेवले आहे.