बट्टा, हुंडणावळ आणि परदेशातलं कार्ड

परदेश म्हटलं की आपल्याला विमान आठवतं. पण आजच्या तलासरी तालुक्यातल्या आपल्या आज्या-पणज्यांना परदेश पायी गाठता येत होता. उधव्याच्या पलीकडे खानवेल, पुढे सिल्वासा. हा नगर हवेलीचा मुलूख पेशव्यांनी १७७९ च्या तहाने महसुलासाठी पोर्तुगीजांना लावून दिला, आणि १९५४ पर्यंत तो त्यांच्याच ताब्यात राहिला. इकडे इंग्रजांचा रुपया, सोळा आण्यांचा. तिकडे पोर्तुगीजांचा रुपिया, सोळा टांग्यांचा. जंगल तेच, सोयरे-धायरे दोन्हीकडे, पण सरकारी पैसा वेगळा.

पैसा बदलायचा म्हटला की मध्ये कुणीतरी बसतो आणि आपला वाटा काढून घेतो. या वाट्याला जुना शब्द आहे बट्टा. पेशवाईत एकाच बाजारात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये फिरत : चांदवडी, अंकुशी, सुरती. कुणात चांदी जास्त, कुणात कमी. सराफ नाणं पारखायचा आणि शंभरामागे काहीतरी कापून दुसरं नाणं हातात ठेवायचा. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो, तो हाच बट्टा.

दूरगावी रोकड न्यायची तर वाटेत लुटीची भीती. म्हणून व्यापारी हुंडी घेत. इथल्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, आणि ती दुसऱ्या गावच्या पेढीवर दाखवून पैसे उचलायचे. या सोयीची किंमत म्हणजे हुंडणावळ. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्यानंतर बाजारातला बट्टा हळूहळू कमी झाला. हद्दीवरचा मात्र संपला नाही, कारण पलीकडे राज्यच दुसरं होतं.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. त्या लढ्यात वेगवेगळ्या संघटनांचे स्वयंसेवक होते, तसे वारलीही होते. दमणला डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. त्याआधी १९५८ च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिथे रुपिया काढून एस्कुदो आणला. एका रुपियाला सहा एस्कुदो. ज्याला सहाचा पाढा येतो त्याचं ठीक. ज्याला येत नाही, त्याने समोरचा सांगेल तो हिशेब मानायचा. वही सावकाराची आणि वाचणाराही सावकारच, हे आपल्या भागाने पुष्कळ सोसलं आहे. म्हणून हा जुना इतिहास आज सांगते आहे.

कारण आता आपल्याकडची माणसं खरोखर लांब जातात. लग्नघरी सवासिणी भिंतीवर चौक लिहीत. तीच वारली कला डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी कागदा-कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज कुणी प्रदर्शनाला जातं, कुणाचा मुलगा आखाती देशात असतो, कुणी काशी करून पुढे नेपाळला पशुपतिनाथाला जातं. हुंडीच्या जागी कार्ड आलं, पण बट्टा आणि हुंडणावळ गेलेली नाही. ती वेगळ्या नावांनी कार्डात बसली आहे.

नेपाळचंच बघा. आपल्या १०० रुपयांना नेपाळी १६० रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानदाराने १५० च दिले, तर १० नेपाळी रुपये बट्ट्यात गेले. म्हणजे शंभराला सव्वासहा. त्याने ‘फी काही नाही’ म्हटलं तरी बट्टा गेलाच, कारण तो दरात लपला.

कार्डाचंही तसंच. परकी चलनात खर्च केला की पुष्कळ बँका दरावर टक्केवारी चढवतात. त्याला मार्कअप म्हणतात. समजा खर्च ५०,००० रुपये आणि मार्कअप साडेतीन टक्के. झाले १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. एकूण २,०६५. तोच मार्कअप एक टक्का असेल तर करासकट ५९० रुपये. फरक १,४७५ रुपयांचा.

म्हणून निघण्याआधी बँकेत जाऊन विचारा. मार्कअप किती? एटीएममधून एका वेळी पैसे काढायला किती कापता? दर खेपेला ठरावीक रक्कम कापत असतील, तर थोडे थोडे पैसे काढू नका. क्रेडिट कार्डावर रोख तर काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून लागतं. आधी पैसे भरून घ्यायचं फॉरेक्स कार्ड असेल, तर भरायच्या दिवशीचा दर कायम राहतो, हा त्याचा फायदा. पण कार्डाची फी, पुन्हा भरण्याची फी आणि उरलेले पैसे परत घेतानाचा दर, हे तिन्ही विचारा. ‘शून्य फी’ ऐकलं, तर त्या दिवशीचा बाजारातला दर काढून ताडून बघा.

आपलं नेहमीचं रुपे कार्ड देशाबाहेर चालेलच असं नाही, तेही विचारून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून मिळतं. परदेशातला वापर आपण सांगून सुरू करायचा, त्याची मर्यादाही आपणच ठरवायची, आणि परतल्यावर तो बंद करायचा.

आणि एक. परदेशात दुकानातलं यंत्र विचारतं, रुपयांत पैसे देणार की तिथल्या चलनात? रुपये ओळखीचे म्हणून आपलं बोट तिकडे जातं. पण रुपये निवडले की दर समोरचा लावतो, आणि तो बहुधा महाग पडतो. तिथलंच चलन निवडा.

बचत गटाच्या बैठकीत आपण एकेका रुपयाचा हिशेब वहीत मांडतो आणि मोठ्याने वाचून दाखवतो. गटातली कुणी परदेशी निघाली, तर दोन-तीन बँकांचे आकडे आणून त्याच वहीत शेजारी शेजारी लिहा. ५०,००० रुपयांवर कोण किती कापतं, ते सगळ्यांसमोर काढा. मग कुठलं कार्ड घ्यायचं ते वहीच सांगेल.