वीटभट्टीवरचे मूल आणि जिनिव्हातील देखरेख

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी संमत केलेला बालहक्क करार भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारला. त्यासोबत जिनिव्हातील बालहक्क समितीला, म्हणजे कोणत्याही सरकारचे प्रतिनिधित्व न करणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाला, दोन वर्षांत पहिला आणि पुढे दर पाच वर्षांनी एक अहवाल देण्याचे बंधनही आले. समिती अहवाल तपासते, शिष्टमंडळाला प्रश्न विचारते आणि आपली निरीक्षणे प्रसिद्ध करते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही.

अशा देखरेखीतून एखादे मूल कसे निसटते, याचे उत्तर दिवा-वसई लोहमार्ग ज्या भागातून जातो त्या भिवंडी-वसई पट्ट्यातील वीटभट्ट्यांच्या इतिहासात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1919 च्या पहिल्याच परिषदेने उद्योगांतील किमान वय 14 ठरवले, परंतु भारतासाठी वेगळे कलम करून ते 12 वर आणले आणि तेही यंत्रशक्तीवर चालणारे व दहांहून अधिक कामगारांचे कारखाने, खाणी, रेल्वे व गोदी एवढ्यांपुरतेच. हाताने विटा थापणारी भट्टी त्यामुळे आपोआप बाहेर राहिली. तेथे मजूर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीनंतर कुटुंबासह येई, मजुरी हजार विटांमागे ठरे आणि ओल्या विटा उलटून वाळत घालणाऱ्या मुलाचे नाव हजेरीपटावर कधीच नसे. नोंद होई ती फक्त विटांची! ज्याची नोंद नाही, त्याच्याविषयी कोणते सरकार अहवाल लिहिणार?

हे मूल दिसू लागले ते याच भागातील माणसांमुळे. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद व श्रमजीवी संघटना या संस्थांमार्फत वेठबिगारीत, म्हणजे कर्जापोटी बांधून घेतलेल्या श्रमात, अडकलेल्या आदिवासींची मुक्ती हाती घेतली आणि भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या, अर्थात भोंग्यांच्या, वस्तीतच मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. 1999 मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने या दांपत्याला पुरस्कार दिला. शाळेच्या पटावर नाव चढले की निदान मोजणी सुरू होते, आणि करारातील 45 वे कलम समितीला सरकारबाहेरच्या जाणकार संस्थांचे म्हणणे मागवण्याची मुभा देत असल्याने अशी स्थानिक मोजणी पर्यायी अहवालांतून जिनिव्हापर्यंत जाऊ शकते. देखरेखीचा खरा कणा हाच म्हणावा लागेल.

समितीने भारताला 2000, 2004 आणि 2014 मध्ये निरीक्षणे कळवली. किमान वय व बालश्रमाच्या सर्वांत घातक प्रकारांविषयीचे श्रम संघटनेचे 138 व 182 क्रमांकाचे करार भारताने अखेर 13 जून 2017 रोजी मान्य केले. मात्र मुलाला थेट समितीकडे तक्रार करू देणारा 2011 चा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे भट्टीवरच्या मुलाचे म्हणणे तेथे पोहोचते ते कोणी त्याच्या वतीने लिहिले तरच.