भिंत पडली तरी घर उभं! १० पौंडांत विकल्या गेलेल्या ६०० वर्षं जुन्या लाकडी घराची गोष्ट

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समध्ये आल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चशेजारी गवताने शाकारलेलं एक घर आहे, ‘आल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊस’. इ.स. १४०० च्या सुमारास बांधलेल्या या घराच्या भिंती काटक्या आणि मातीच्या. मग ते इतकी शतकं टिकलं कसं?

उत्तर आहे लाकडी सांगाड्यात. छपराचा भार भिंतींवर नाहीच, तो ओक लाकडाच्या खांबांवर आणि तुळयांवर आहे. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला खाच पाडायची, जीभ खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. त्या काळी ओक ओला असतानाच वापरत. वाळताना तो आकसतो आणि सांधा आणखी घट्ट होतो.

सांगाड्यामधली जागा भरायची ती काटक्या विणून, वर माती, शेण आणि पेंढ्याचा गिलावा देऊन. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारखंच! भिंत खराब झाली तर तेवढाच भाग नव्याने लिंपायचा, घराला धक्का लागत नाही.

या प्रकारच्या घराला ‘वील्डन हॉल हाऊस’ म्हणतात. केंट आणि ससेक्समध्ये अशी घरं जास्त दिसतात. मधोमध थेट छपरापर्यंत उंच दालन, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. वरचे मजले समोरून थोडे पुढे आलेले, त्यामुळे मधलं दालन आत गेल्यासारखं दिसतं. सगळ्यावर छप्पर मात्र एकच. दालनात जमिनीवरच चूल पेटायची आणि धुराडं नसल्याने धूर छपरातून बाहेर जायचा. इथली जमीन तर खडूचा दगड कुटून, त्यात आंबट दूध घालून केलेली आहे.

१९व्या शतकाच्या शेवटी हे घर मोडकळीला आलं होतं. ते पाडायचंही घाटत होतं. गावच्या धर्मगुरूंनी मदतीसाठी धावाधाव केली. अखेर १८९६ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ने ते अवघ्या १० पौंडांना घेतलं. १८९५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने वाचवलेली ही पहिली इमारत. किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च कितीतरी मोठा होता. त्यासाठी संस्थेच्या एक संस्थापक ऑक्टेव्हिया हिल यांनी लोकांकडे देणग्या मागितल्या.

तेव्हा भिंती ढासळत होत्या, छप्पर गळत होतं. पण सांगाडा वाचवण्याजोगा होता, म्हणूनच हे घर आजही पाहता येतं.