गुरांमागची मुले आणि मातीचा गोळा

तारापूरची अणुभट्टी १९६९ साली वीज देऊ लागली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि शेजारचे बोईसर हे कामगार-अधिकाऱ्यांचे गाव झाले. शाळा सुटली की मुलांना चित्रकलेच्या किंवा मातीकामाच्या क्लासला धाडण्याची पद्धत अशाच गावांत रुजते. पण त्यासाठी आधी शाळा सुटावी लागते. याच पट्ट्यात, थोडे उत्तरेला, डहाणू तालुक्यात, १९४५ साली हजारो मुलांच्या दिवसात ‘शाळा सुटल्यावर’ नावाची वेळच नव्हती. सकाळी गुरे सोडायची, संध्याकाळी बांधायची. कडेवर धाकटे भावंड.

त्या वर्षी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी याच तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून ताराबाईंनी मॉन्टेसरी पद्धत आत्मसात केली होती, दादरला शिशुविहारही काढले होते. शहरात हे चालून गेले. बोर्डीत मात्र त्या पद्धतीचे घोटीव लाकडी मनोरे आणि ठोकळे परवडणारे नव्हते. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती हेच साहित्य झाले. कागदावर ही काटकसर वाटते. प्रत्यक्षात ती पद्धतीची नव्याने केलेली मांडणी होती: खडे मोजून गणित, शिंपले लावून नक्षी, आणि बोटे वळायला मातीचा गोळा.

या गोळ्याला स्वतःची शिस्त असते. मातीतले खडे वेचून ती तुडवून एकजीव करावी लागते. पाणी जास्त झाले तर मातीचा बैल बसकण मारतो, कमी झाले तर शिंगे तडकतात. उन्हात घाईने वाळवले की भेगा पडतात, आत ओल राहिली की भट्टीत फुटते. हे पोराला फळ्यावर लिहून सांगण्याची गरज नसते.

साहित्य सापडले, तरी मुले येईनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, तिचे नाव अंगणवाडी. त्यापुढची पायरी आणखी धीट. गुराखी पोरे शाळेकडे फिरकत नाहीत ना, मग शिक्षकानेच गुरांमागे कुरणात जायचे! ही कुरणशाळा. गुरांवर लक्ष ठेवता ठेवता शिकायचे, म्हणजे घरचे कामही बुडत नाही. १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या अधिक जवळ गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. भावंडे पाळणाघरात राहिली की थोरली बहीण वर्गात बसू शके. बालशिक्षणाच्या ग्रंथांपेक्षा हा एक हिशेब अधिक मोलाचा होता. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. कुरणशाळा मात्र मागेच राहिली.

मातीचे हे झाले; चित्रांचे तर याच डहाणू तालुक्यात फार जुने घर आहे. वारली आदिवासींच्या लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. हे बायकांचे काम. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाबाहेर, रोजच्या चित्रात आणले. लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचा बसली आणि ते धुळीत रेघोट्या ओढून बोलू लागले, असे सांगतात. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे त्यांची चित्रे बाहेर पोचली. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री. मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकारच झाले.

आता क्लासमधली मुले बाजारच्या मडक्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकने त्रिकोणी अंगाची माणसे काढतात, तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरणारी. नाच चटकन जमतो. चौक सहसा कुणी शिकवत नाही, आणि ते बरेच आहे. तो लग्नघरचा आहे.