सटोडिया

मुंबईच्या बाजारात ‘सटोडिया’ ही उपाधी आज कोणी अभिमानाने मिरवीत नाही. लोकव्यवहाराने त्याला जुगाऱ्याच्या पंक्तीस केव्हाच बसविले आहे. तथापि या शब्दाचे कुळ शोधू गेल्यास ते पेढीच्या दप्तरात सापडते. प्राकृतातील ‘सट्ट’ म्हणजे विनिमय. दोन घरांनी परस्परांस मुली देऊन जुळविलेल्या सोयरिकीचे आपले साटेलोटे आणि जमिनीच्या विक्रीपूर्वी विसार देऊन लिहून घेतले जाणारे साटेखत हे त्याचेच गोत्रज. अमुक मितीस, अमुक भावाने, अमुक माल देईन अथवा घेईन, असा उभयपक्षी बांधून घेतलेला करार म्हणजे सट्टा, आणि तो करणारा तो सटोडिया.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटून दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली व लँकेशायरच्या गिरण्यांना कापसासाठी मुंबईकडे पाहावे लागले, तेव्हा या शहरात पैशाचा असा पूर लोटला की तो जिरविण्यास कापूस पुरेना. मग नव्या बँका व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि दलाल प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर भाव चढू-उतरू लागले. त्यांपैकी बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. तेजीवाल्याजवळ शेअर घेण्यास रोकड नसे, मंदीवाल्याजवळ देण्यास शेअर नसे. मुदत भरली की भावातील फरक तेवढा चुकता करावयाचा, हाच शिरस्ता पडला. कराराचा सांगाडा राहिला, माल मात्र त्यातून निघून गेला.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध आटोपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै रोजी वायद्यांची मुदत भरली, तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडील येण्यावर विसंबलेला असल्याने एकाच्या दिवाळ्यासरशी दहांची दिवाळी निघाली. शेअर तारण घेऊन कर्जे वाटणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेलाही पुढे गाशा गुंडाळावा लागला.

१८६५ च्याच मुंबईच्या कायद्याने पैजेच्या व्यवहारातील दलालीचा दावाही अग्राह्य ठरविला, आणि १८७२ च्या करार कायद्याने पैजेचे करार निरर्थक केले. पण पैज कोणती आणि व्यापार कोणता? माल देण्या-घेण्याचा हेतू उभयतांपैकी कोणाचाच नसेल तर ती पैज, असा निवाडा न्यायालये देत आली. सट्ट्याचा जो मूळ अर्थ बाजाराने टाकून दिला होता, तोच अखेर न्यायासनाची कसोटी ठरला.