कुराण–पठनाचे प्राथमिक शिक्षण
कुराण–पठनाचे प्राथमिक शिक्षण : इस्लाम धर्माच्या या प्रमाणग्रंथाचे वाचन नवशिक्याने कोठून व कसे सुरू करावे, यासंबंधीची पारंपरिक पद्धती व तिचा इतिहास. ‘कुराण’ या अरबी शब्दाचा अर्थच पठन किंवा वाचन असा आहे. परंपरेनुसार मुहंमद पैगंबरांना प्रथम प्रकट झालेल्या पाच आयतींचा (सूरा ९६) आरंभही ‘वाच’ या आज्ञेने होतो.

ग्रंथाचे ११४ सूरा (अध्याय) असून त्यांची मांडणी कालानुक्रमे नाही. पहिला सूरा ‘फातिहा’ सात आयतींचा आहे. त्यानंतर सर्वांत दीर्घ असा २८६ आयतींचा दुसरा सूरा येतो आणि पुढे सामान्यतः लांबी कमी होत जाते. म्हणूनच नवशिक्यास फातिहानंतर शेवटचे लहान सूरा शिकविण्याची प्रथा पडली. पठनाच्या सोयीसाठी केलेल्या ३० समान भागांपैकी अखेरचा (सूरा ७८ ते ११४) यासाठी विशेष प्रचारात आहे. फातिहा व हे लहान सूरा रोजच्या नमाजात लागतात, हेही त्याचे एक कारण होय.

लिपीचा विकास : खलीफा उस्मान यांच्या काळात (सु. ६५०) ग्रंथाची प्रमाण संहिता सिद्ध झाली; तथापि तत्कालीन लिपीत ऱ्हस्व स्वरांची चिन्हे नव्हती व सदृश अक्षरांतील भेद दाखविणारे बिंदूही क्वचितच दिले जात. पाठ आधीच मुखोद्गत असणाऱ्यास ही लिपी पुरेशी होती. इस्लामचा प्रसार अरबेतर लोकांत होऊ लागल्यावर मात्र अशुद्ध वाचनाची भीती निर्माण झाली. स्वरदर्शक ठिपक्यांचे श्रेय परंपरा अबुल अस्वद अद्‌दुअली यांना, तर आजच्या स्वरचिन्हांचे श्रेय आठव्या शतकातील व्याकरणकार खलील इब्न अहमद यांना देते. इब्न मुजाहिद (८५९–९३६) यांनी सात पाठपरंपरा प्रमाण मानल्या. त्यांपैकी आसिम यांची हफ्स यांनी सांगितलेली परंपरा १९२४ च्या कैरो आवृत्तीत स्वीकारली गेली आणि तीच आज सर्वाधिक प्रचारात आहे.

पाठ आधी की अर्थ आधी : या शिक्षणातील हा मूळ वाद जुना आहे. इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी आपल्या मुकद्दिमा या ग्रंथात प्रदेशपरत्वे भिन्न पद्धती नोंदविल्या आहेत. मघ्रिबमध्ये मुलांना केवळ कुराण शिकवीत. अंदलुसमध्ये त्यासोबत काव्य, व्याकरण व सुलेखनही शिकवीत. पहिल्या पद्धतीने भाषेवर प्रभुत्व येत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. न समजणारा ग्रंथ मुलाच्या हाती देण्यापूर्वी भाषा, काव्य व गणित शिकवावे, हे काझी अबू बक्र इब्न अल्‌-अरबी (१०७६–११४८) यांचे मत त्यांनी प्रशंसेने उद्‌धृत केले. परंतु रूढी त्यास अनुकूल नाही, कारण बालपण सरल्यावर मूल शिक्षण सोडून देईल आणि कुराणापासून कायमचे वंचित राहील, अशी पालकांना धास्ती वाटते, असेही ते सांगतात.

भारतातील परंपरा : भारतीय मुसलमानांत मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले, की ‘बिस्मिल्ला’चा विधी करून अक्षरारंभ करण्याची प्रथा आढळते. ‘कायदा’ या प्राथमिक पुस्तिकेतून अक्षरे, जोडाक्षरे व स्वरचिन्हे यांचा परिचय झाल्यावर ‘नाझिरा’ म्हणजे ग्रंथात पाहून वाचन सुरू होते. संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत करणे (हिफ्ज) ही यानंतरची व ऐच्छिक पायरी होय. अरबी न जाणणाऱ्यांची अडचण ओळखून शाह वलीउल्लाह (१७०३–६२) यांनी दिल्लीत फार्सी भाषांतर केले. त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन यांनी शब्दशः व शाह अब्दुल कादिर यांनी सुबोध उर्दू भाषांतर सिद्ध केले.

मराठी अभ्यासकांत विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी मूळ अरबीतून ग्रंथाचे अध्ययन करून निवडक वचनांचे विषयवार संकलन केले. नोल्डेके यांनी १८६० मध्ये सूरांचे मक्का व मदीना असे कालखंड मांडल्यापासून अनेक आधुनिक अभ्यासक कालक्रमानुसार वाचनास प्रारंभ करतात. श्रद्धावंत मात्र परंपरागत क्रमच पाळतात. त्यांच्या दृष्टीने शुद्ध पठन हे अर्थबोधाचे साधन तर आहेच, पण ते स्वतःही एक उपासना आहे.

[→ इस्लाम धर्म, कुराण, मुहंमद पैगंबर].